तंबोऱ्याची कसोटी : सुरुवातीचे सीडी प्लेअर आणि आपले ऐकणे

रेकॉर्डचा आवाज गोड आणि सीडीचा काचेसारखा, हे वाक्य मी गेल्या तीसेक वर्षांत इतक्या जणांकडून ऐकले आहे की आता ते मत राहिलेले नाही, म्हण झाली आहे. म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी चांगला रेकॉर्ड प्लेअर कधीच नव्हता. उरलेल्यांनी पहिल्या पिढीतला सीडी प्लेअर कानांनी ऐकलेला नव्हता. मी दोन्ही उघडून पाहिलेले आहेत, कारण विशी-पंचविशीच्या काळात मी यवतमाळच्या बाजारपेठेत एका रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात बसत असे. शास्त्र शिकलो ते तिथेच, जळक्या ट्रान्झिस्टरवरून आणि रद्दीत आलेल्या इंग्रजी मासिकांवरून. त्यामुळे या लेखात विद्यापीठीय शिस्त सापडली नाही तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मुद्दा असा की सीडीच्या गुणदोषांचा वाद आपल्याकडे आला तो तयार होऊन आला. त्याचे साक्षीपुरावे परदेशी वाद्यवृंदांचे होते. व्हायोलिनचा ताफा कर्कश वाटतो का, झांजेचा शेवट तुटतो का, पियानोचा हातोडा कसा ऐकू येतो, हे त्यातले प्रश्न. आपल्या संगीताला ते प्रश्न कोणी लावून पाहिले नाहीत, आणि आपले प्रश्न त्या यंत्राला कोणी विचारले नाहीत. शंभर वर्षांपूर्वीच्या तीन मिनिटांच्या तबकड्यांवर मराठीत हौसेने लिहिले जाते. मुंबईच्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'सारख्या संस्थेने १९९० पासून त्या बाबतीत मोठे काम केले आहे. सीडीवर मात्र माझ्या वाचनात जे आले ते एक तर खरेदीचा सल्ला होते, नाहीतर हळहळ.

आधी यंत्राबद्दल थोडे. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ विक्रीला आला. किंमत १,६८,००० येन. त्याच्या जोडीचा फिलिप्सचा सीडी-१००. तबकडी दोघांचीही तीच, बारा सेंटिमीटर व्यासाची. दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापे, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेले. ४४,१०० हा विचित्र आकडा कुठून आला याचे मला फार दिवस कुतूहल होते. सुरुवातीला ही मापे साठवायला व्हिडिओ टेपच वापरत. चित्राच्या एका क्षेत्रातल्या २४५ ओळी, सेकंदाला ६० क्षेत्रे, ओळीमागे ३ मापे. गुणाकार करून पाहा. संगीताचा त्यात काही संबंध नव्हता. ७४ मिनिटांच्या लांबीबद्दल बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचा किस्सा रंगवून सांगतात, पण त्या कामातले फिलिप्सचे अभियंते कीस इमिंक यांनीच तो खोडून काढला आहे.

मापे तीच, पण वाचण्याच्या पद्धती दोन. सोनीने सोळा बिटांचा एकच परिवर्तक वापरला आणि त्याच्याकडून डावी आणि उजवी बाजू आळीपाळीने वाजवून घेतली. फिलिप्सकडे तेव्हा चौदा बिटांचाच परिवर्तक तयार होता, म्हणजे पायऱ्या फक्त १६,३८४. पण त्यांनी मापांची संख्या गणिताने चौपट करून ती कमतरता जवळजवळ भरून काढली. चौपट केल्याचा आणखी एक फायदा झाला. श्रवणमर्यादेच्या वर जो अनावश्यक कचरा तयार होतो, तो गाळायला सोनीला अगदी बारीक आणि कडक चाळणी लावावी लागली. फिलिप्सचे सैल चाळणीवर भागले. पहिल्या यंत्रांचा आवाज 'काचेसारखा' वाटण्याची खरी कारणे असलीच तर ती मुख्यतः या चाळणीत आणि परिवर्तकापुढच्या स्वस्त प्रवर्धकांत शोधायला हवीत. तिसरे कारण तबकडी बनवणाऱ्यांकडे होते. एलपीसाठी वरचे स्वर उचलून तयार केलेली टेप त्यांनी जशीच्या तशी सीडीवर ओतली. आवाज चरचरीत झाला, आणि शिव्या यंत्राला बसल्या.

सोनीच्या आळीपाळीच्या पद्धतीवर तेव्हा खूप टीका झाली. दोन बाजूंमध्ये सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या अकरापट इतके अंतर पडे. ऐकायला भयंकर वाटते. हिशेब केला तर तेवढ्या वेळात आवाज हवेतून चार मिलिमीटर जातो. म्हणजे एक स्पीकर चार मिलिमीटर मागे सरकवला तर जो फरक पडेल तो. आमच्याकडे स्पीकर गोदरेजच्या कपाटावर ठेवलेले असत आणि उंदराने हलवले तरी याहून जास्त सरकत.

आता आपले प्रश्न. माझ्या मते ते तीन आहेत : सूर ढळतो का, तंबोरा ऐकू येतो का, आणि राग पुरा होतो का.

१९९१ चा हिवाळा असेल. आमच्या दुकानात एक निवृत्त प्राध्यापक येत. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणे. संगीताचे वेड असे की पगारातला मोठा भाग एलपींवर गेला. त्यांच्या पुतण्याने आखातातून एक सीडी प्लेअर आणून दिला आणि सरांनी मला घरी बोलावले, कारण यंत्राला लावायला पिन जुळत नव्हती. जोडून दिले. संध्याकाळची वेळ होती, रब्बीचा हंगाम, सगळीकडे पंप सुरू. दिवे पिवळे झालेले आणि स्टॅबिलायझर टकटक करतो आहे. अशा वेळी सरांचा कॅसेट डेक हमखास सुस्तावे. मोटारीचा गव्हर्नर एका मर्यादेपर्यंत वेग सांभाळतो. दाब त्याखाली गेला की गायकाचा षड्ज खाली बसू लागतो. सरांना ते सहन होत नसे. ते डेक बंद करून वीज सुधारायची वाट बघत बसत.

सीडी मात्र गात राहिली. सूर केसभरही हलला नाही. मी सरांकडे पाहिले, सर दिव्याकडे पाहत होते. मग दाब आणखी उतरला आणि यंत्र एकदम गप्प झाले. सर म्हणाले, "हे बरं आहे रे. गाईन तर सुरात, नाहीतर गाणारच नाही."

त्यामागचे तंत्र सोपे आहे. तबकडी आत हळू-जोरात फिरली तरी तिच्यावरून वाचलेली मापे आधी एका छोट्या स्मृतीत साठतात. तिथून ती बाहेर सोडण्याचा ठेका स्फटिकाचे घड्याळ देते. यवतमाळकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. निळोण्याचे पाणी नळाला कोणत्याही दाबाने येवो, किंवा दोन दिवसांआड येवो, गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारी धार तीच असते.

परदेशी समीक्षेत हा गुण दोन ओळींत उरकला जाई, कारण तिथल्या चांगल्या रेकॉर्ड प्लेअरचा वेग तसाही फारसा ढळत नसे. आपल्याकडे तोच पहिला गुण ठरायला हवा होता. एका षड्जाभोवती तासभर बसायचे ज्या संगीतात आहे, तिथे षड्जच तरंगत असेल तर बाकी गोडव्याचे काय करायचे? चावीच्या ग्रामोफोनपासून सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरपर्यंत ऐंशी वर्षे आपण ढळते सूर ऐकले आणि कान समजुतीने भरून काढत राहिला. जुन्या तबकड्या तर मुळात ७८ च्याच वेगाने नोंदलेल्या असत असे नाही. ७४ फेऱ्यांना नोंदलेली तबकडी ७८ ने वाजवली की गायक जवळपास अर्धा स्वर वर चढतो, काळी चारचा पांढरी सहाशी जाऊन बसतो. त्या तबकड्यांवरून सीडी काढताना ज्याने वेग ठरवला त्याने गायकाची पट्टीही ठरवली. ग्रामोफोनवर निदान ऐकणाऱ्याच्या हाताशी वेगाची खुंटी होती. सीडीवर ती चूक कायमची स्थिर झाली. यंत्र प्रामाणिक आहे, पण चुकीशीही तितकेच प्रामाणिक आहे.

दुसरा प्रश्न तंबोऱ्याचा. एलपीवर सुईची सरसर असते, कॅसेटवर फितीची. गायन भरात असताना ती जाणवत नाही. पण आलापात गायक श्वास घेतो, थांबतो, आणि त्या पोकळीत फक्त तंबोरा उरतो, तेव्हा तंबोरा आणि सरसर यांची झटापट होते. सीडीवर ती पोकळी खरोखर पोकळी असते आणि तंबोरा तिच्यात एकटा बोलतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला म्युझिक टुडेची 'मॅस्ट्रोज चॉइस' मालिका आली. मुळातच स्वच्छ झालेली अशी ध्वनिमुद्रणे सीडीवर ऐकताना जवारीचे कण पहिल्यांदा वेगवेगळे ऐकू आले, असे मी जबाबदारीने म्हणतो. काचेसारखा म्हणा हवे तर. जवारी म्हणजे तरी काय, तार घोडीच्या पृष्ठभागाला घासून जो चमकदार चुरा उडतो तो.

तिसरा प्रश्न लांबीचा, आणि इथे सोय आणि दर्जा यांची वाटणी सगळ्यात आधी कोसळते. न उलटता ७४ मिनिटे वाजणे ही जाहिरातीत सोय म्हणून सांगितली गेली. उठावे लागत नाही, बस्स. पण ७८ च्या तबकडीची तीन मिनिटे, एलपीच्या बाजूची वीस-पंचवीस आणि कॅसेटची तीस किंवा पंचेचाळीस, या मर्यादांनी आपल्या गाण्याचा आकारच बदलला आहे. विलंबिताचा एकेक स्वर उघडत जाणारा विस्तार त्यांत मावत नव्हता. मैफलीच्या टेपांवर नेमक्या बढतीच्या वेळी फीत संपे, कोणी तरी धडपडत कॅसेट उलटी, आणि मधली सम कायमची गेलेली असे. लंडनच्या नवरस रेकॉर्ड्सने १९९० च्या दशकात मैफलींची ध्वनिमुद्रणे सीडीवर सलग दिली तेव्हा राग पुरा ऐकण्याची शक्यता पहिल्यांदा घरी आली. याला सोय म्हणणे म्हणजे पुस्तकाची शेवटची पाने असण्याला सोय म्हणण्यासारखे आहे.

उलट, जिला उघड उघड सोय म्हटले गेले तिने नुकसान केले. सीडीपी-१०१ सोबत दूरनियंत्रक होता, फिलिप्सच्या सीडी-१०० सोबत नव्हता. पुढे सगळ्यांसोबत आला. त्यावरचे पुढच्या गाण्यावर उडी मारायचे बटण सिनेसंगीताला ठीक आहे. ख्यालाच्या सीडीवर विलंबित हा एक तुकडा आणि द्रुत हा दुसरा, आणि बोट आपोआप दुसऱ्याकडे जाते. कॅसेट पुढे पळवायला दोन-तीन मिनिटे लागत, अंदाज चुके, मग माणूस म्हणे, जाऊ दे, ऐकू या सुरुवातीपासून. त्या आळसात बरेच शिक्षण झाले. सरही अपवाद नव्हते. दोन वर्षांत त्यांच्या घरी मी एकही विलंबित सुरुवातीपासून ऐकले नाही. मी तसे म्हणालो, तर म्हणाले, "वय झालं रे, वेळ कमी आहे." वय साठीचे होते आणि वेळ भरपूर होता.

जुन्या एलपी सीडीवर सलग उतरवण्याबाबतही हेच. उस्ताद अमीर खाँ यांची १९६० ची प्रसिद्ध एलपी घ्या, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा सूर्यास्ताचा, दरबारी उत्तररात्रीचा. बाजू उलटायला उठणे, सुई पुसणे, कोणी तरी चहाचे विचारणे, यात मनाला संध्याकाळवरून रात्रीवर जायला वाट मिळे. अशा दोन बाजू एका सीडीवर दोन-तीन सेकंदांच्या फटीने लावल्या की मारव्याचा कोमल ऋषभ कानात हुळहुळत असतानाच दरबारीचा गंधार आंदोलू लागतो. प्लेअरमध्ये थांबायचे बटण होतेच की, असे कोणी म्हणेल. होते. पण थांबणे आता आपले काम झाले होते, आधी ते तबकडीचे होते.

आमच्या जिल्ह्यात सीडीचा खरा संसार फार थोडा. वणी, पुसद, दारव्हा, कुठेही विचारा; बहुतेक घरांनी कॅसेटवरून थेट व्हीसीडीवर आणि एमपीथ्रीवर उडी मारली. एकाच तबकडीत दीडशे गाणी आली, माहितीचा अकरावा हिस्सा ठेवून बाकीचा टाकून. सीडीचा गोडवा की काच हा वाद इकडे पोचेपर्यंत त्यावर निकाल देणारी यंत्रेच नव्हती.

इथपर्यंत मी समीक्षकाच्या खुर्चीत बसून बोललो. आता आरोपीच्या पिंजऱ्यातून.

सरांकडे एक कॅसेट होती. १९८० च्या दशकात त्यांच्याच माडीवर झालेल्या खासगी बैठकीची, नव्वद मिनिटांची. गायिका बाहेरगावच्या. त्यांचे नाव इथे देत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना मी विचारलेले नाही. त्यांचे व्यावसायिक ध्वनिमुद्रण माझ्या माहितीत एकही नाही. २००३ मध्ये, सर गेल्यानंतर, त्यांच्या मुलीने ती कॅसेट माझ्याकडे दिली आणि सीडी करून द्या म्हणाली. मी नवा संगणक घेतला होता. आवाज साफ करण्याची एक प्रणाली हाती आली होती आणि हात शिवशिवत होते.

ती प्रणाली काम कसे करते ते सांगतो. गाणे सुरू होण्याआधीचा, फक्त खरखर असलेला काही सेकंदांचा भाग तिला नमुना म्हणून दाखवायचा. तेवढी खरखर ती शिकते आणि पूर्ण ध्वनिमुद्रणातून वजा करते. मी बाई गायला लागण्याआधीचे आठ सेकंद दाखवले. त्या आठ सेकंदांत फितीची सरसर होती, विजेची गुणगुण होती, आणि दोन तंबोरे लागलेले होते. यंत्राला काय, त्याने तिन्ही कचरा म्हणून शिकून घेतले. परिणाम ऐकून मला फार आनंद झाला होता. केवढे स्वच्छ! बाईंचा आवाज जणू काळ्या मखमलीवर ठेवलेला. तीन प्रती लिहिल्या आणि मूळ कॅसेटची फीत एका जागी चुरगळली होती म्हणून ती टाकून दिली. दुकानात सात-आठ वर्षे काढलेल्या माणसाने.

चार-पाच वर्षांनी बाईंच्या एका शिष्या यवतमाळला आल्या. त्यांना मी अभिमानाने सीडी लावून दाखवली. त्यांनी डोळे मिटून दहा मिनिटे ऐकले. मग विचारले, "तंबोरे नव्हते का बैठकीला?" आणि थोड्या वेळाने, "बाई काळी चारला गायच्या हो. ही पांढरी सहा लागतेय."

दुसऱ्या वाक्याचा अर्थ कळायला मला रात्र लागली. बैठकीच्या संध्याकाळी दाब उतरला असणार, सरांचा डेक हळू फिरला असणार. हळू नोंदलेली फीत माझ्या डेकवर योग्य वेगाने वाजली आणि सगळे अर्धा स्वर वर गेले. ते मोजून दुरुस्त करण्याची एक जुनी रीत आहे. ध्वनिमुद्रणात मुरलेली विजेची गुणगुण ५० हर्ट्झची असायला हवी. ती ५३ च्या आसपास मिळाली तर वेग किती चढला ते कळते. त्या काळी आपल्या वीजजाळ्याची वारंवारताच घसरत असे, म्हणून उत्तर काटेकोर आले नसते, पण दिशा तरी कळली असती. ती गुणगुण मी तंबोऱ्यांसोबत पुसली होती.

तीन प्रतींपैकी दोन आता वाचल्या जात नाहीत. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर कारखान्यात छापलेल्या तबकडीसारखा टिकत नाही, त्यात आमचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा. तिसरी प्रत वाजते. ती मी हार्ड डिस्कवर उतरवली आहे, काहीही साफ न करता.

पेटी मात्र वाचली. त्या आठ सेकंदांत पेटीवाल्याने भाता हलवला नव्हता, म्हणून यंत्राला ती कचरा वाटली नाही. पेटीचे सूर गायकासारखे इकडे-तिकडे होत नाहीत. तीच पेटी मिळाली, तिच्या काळी चारची वारंवारता मोजता आली, तर ध्वनिमुद्रणातल्या त्याच सुराशी ताडून वेगाचा फरक काढता येईल, बैठकीच्या सुरुवातीला किती आणि शेवटाला किती हेसुद्धा. पेटीवाले हयात नाहीत. पेटी दिग्रसला त्यांच्या नातवाकडे माळ्यावर आहे. फोनवर तो म्हणाला, भाता फाटला आहे, पण पट्ट्या कोणी काढलेल्या नाहीत आणि सूर कोणी घासलेले नाहीत. दिवाळीनंतर कापूस वेचून झाला की या म्हणाला. भात्याचे कातडे आणि सरस मी घेऊन ठेवला आहे.